सात नंबरचा खड्डा आणि माझी सही

नॉर्थ कॅरोलायनातल्या आमच्या कॅरी गावच्या मराठी मंडळात एका गणपतीला मला प्रमुख पाहुणी म्हणून पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. ओळख करून देणाऱ्या मुलीने माइकवर सांगितलं, की काकू रेल्वेच्या युनियनमध्ये सेफ्टी अँड लेजिस्लेटिव्ह रिप्रेझेंटेटिव्ह आहेत. गणपती बसवला होता त्या शाळेच्या कॅफेटेरियात एकदम आदर पसरला. आरती झाल्यावर दोन मुलं ताटल्या घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. त्यातला नागपूरचा हळूच म्हणाला, "काकू, ग्रीन कार्डच्या रांगेचं तुमच्या लेव्हलला काही होऊ शकेल का?"

मी म्हटलं, "बाळा, माझ्या लेव्हलला संडास आहेत."

दोघं हसली. काकू मोठ्या माणसासारखा विनोद करतात असं त्यांना वाटलं. पण मी खरंच सांगत होते. पदाचं नाव दोन ओळींचं असलं तरी माझं पहिलं काम म्हणजे इंजिनातला संडास चालतो की नाही ते बघणं. नसेल चालत तर लिहून देणं. मग कामगारांच्या खोलीतलं प्यायचं पाणी, आम्हाला इकडून तिकडे नेणाऱ्या व्हॅनमधले सीटचे पट्टे, यार्डातले दिवे, रुळांच्या कडेच्या चालायच्या वाटा. काही बिघडलेलं दिसलं की फॉर्म भरायचा. एक प्रत साहेबाला, एक युनियनच्या राज्याच्या ऑफिसला, एक आपल्याजवळ. हे झालं सेफ्टीचं.

लेजिस्लेटिव्ह म्हणजे वर्षातून दोन-तीनदा चांगले कपडे घालून रालीला, आमच्या राज्याच्या राजधानीत, जायचं आणि आमदारांना सांगायचं, की दोन-दोन मैल लांबीच्या मालगाडीवर एकच माणूस ठेवू नका, दुसरा असू द्या, तसा कायदा करा. एका आमदारांनी माझं सगळं ऐकून घेतलं, माझा चिवडाही खाल्ला, आणि मग विचारलं, की मालगाड्या अजून चालतात का. तेवढ्यात लांबून इंजिनाचा भोंगा ऐकू आला. मी नुसतं बोट वर केलं. ते म्हणाले, "व्हेरी गुड." आणि आमचा फोटो काढला. तो फोटो त्यांच्या ऑफिसच्या भिंतीवर आहे म्हणे. कायदा कुठल्या भिंतीवर आहे ते अजून कळलेलं नाही.

मी या सगळ्यात आले कशी, ते दोन वाक्यांत सांगते, म्हणजे चार होतील. मी दहावीच्या पुढे शिकले नाही. आमच्या ह्यांची कारखान्यातली नोकरी गेली तेव्हा पेपरात रेल्वेची जाहिरात होती: डबे जोडणे, डबे सोडणे, रुळांचे सांधे बदलणे, उन्हापावसात उभे राहणे. उन्हापावसात उभं राहायला शिक्षण लागत नाही, म्हणून अर्ज केला. चाळिशीला आलेल्या बाईने पोलादी टोकाचे बूट घातले आणि तेवीस वर्षं ते पायातून काढले नाहीत. इंग्रजी शिकले ती रेल्वेच्या नियमपुस्तकावरून. त्यामुळे नातीला जेवायला हाक मारते तीसुद्धा 'सर्व हालचाल थांबवून ताबडतोब हजर व्हावे' अशी. युनियनच्या सभेत एकदा अध्यक्षाने विचारलं, नियमपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कुणी वाचलंय. माझा एकटीचा हात वर गेला. मला वाटलं, काहीतरी बक्षीस असेल.

तर झाले प्रतिनिधी. नोंदी ठेवायला युनियनने मला छान जाड वही दिली. ती मी कपाटात ठेवली, आणि नोंदी केल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर. आपलं ते तिथी, वार, चंद्रोदयाची वेळ असलेलं भिंतीवरचं कॅलेंडर. दर वर्षी पुण्याहून येणारं कुणीतरी सुटकेसमध्ये गुंडाळून आणतं. तिकडे बायका त्या चौकोनांत लिहितात ना, गॅस कधी लागला, मोलकरीण कधी आली नाही, तशीच मीही लिहायची. मोलकरणीच्या जागी रेल्वे, एवढाच फरक. रेल्वेही सांगून येत नाही.

आता फळ्याचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या यार्डाच्या दारात एक मोठा फळा होता. 'इतके दिवस कुणालाही दुखापत नाही.' रोज सकाळी आकडा एकने वाढायचा. शंभर दिवस झाले की सगळ्यांना टोप्या, दोनशे झाले की बार्बेक्यू, आणि पूर्ण वर्ष झालं की जाकीट, पाठीवर इंजिनाचं भरतकाम केलेलं. बार्बेक्यूत मला शाकाहारी म्हणून मक्याचं कणीस मिळायचं, त्यामुळे माझी सुरक्षितता इतरांपेक्षा जरा स्वस्त पडायची. पण त्या फळ्याची एक गंमत होती. माणूस पडला म्हणून आकडा पडत नसे. माणसाने पडल्याचं सांगितलं तरच पडे. म्हणून आमच्याकडे सगळे घरी जाऊन पडायचे. कुणाचं मनगट अंगणात मुरगळायचं, कुणाचं बोट गॅरेजच्या दारात सापडायचं. आमच्या कामगारांच्या गॅरेजांइतकी भयंकर गॅरेजं अख्ख्या अमेरिकेत नसतील.

आमचा ट्रेनमास्तर, म्हणजे यार्डाचा साहेब, माझ्या मुलाच्या वयाचा. मॅनेजमेंट शिकून आलेला. रूळ त्याने बहुतेक इंटरव्ह्यूच्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिले असावेत. पण स्वभावाने इतका गोड, की काही विचारू नका. खडूस साहेब परवडतो, कारण त्याला तोंडावर नाही म्हणता येतं.

सात नंबरच्या रुळाकडेची वाट पाण्याने धुपून तिथे खड्डा पडला होता. परातीएवढा रुंद, वीतभर खोल. वरून सैल खडी सरकून त्याचं तोंड झाकायची, म्हणून पाय पडेपर्यंत दिसायचा नाही. मी फॉर्म भरला. महिना गेला. स्मरणपत्र दिलं. आणखी एक महिना गेला. दर महिन्याला आमची सेफ्टी कमिटीची मीटिंग असायची, आणि साहेब भिंतीवर तक्ता लावायचा. झालेली कामं हिरवी, न झालेली लाल. त्या वेळी अख्खा तक्ता हिरवागार, आणि मधोमध सात नंबरचा खड्डा लाल, कपाळावरच्या कुंकवासारखा.

मीटिंग सुरू व्हायच्या आधी साहेब माझ्याजवळ आला. बाकीच्यांसाठी डोनट होते. मागच्या महिन्यात मी म्हणाले होते, की आज माझा उपास आहे, मी काही खात नाही, फळं चालतात. ते पोराने लक्षात ठेवलं होतं. योगायोगाने त्या दिवशीही संकष्टीच होती. त्याने कागदी पिशवीतून माझ्यापुढे दोन केळी ठेवली.

"हे खास तुमच्यासाठी," तो म्हणाला. मग फॉर्म काढला. "खडीचा ट्रक सोमवारी येतोय. काम झाल्यातच जमा आहे. आज सही केलीत तर वरच्या ऑफिसला तक्ता पूर्ण हिरवा जाईल."

मी म्हटलं, "सोमवारी करते की सही."

"तिमाही आज संपतेय हो," तो म्हणाला, आणि त्याने असं काही बघितलं, जसं माझा मुलगा गणिताच्या पेपरावर सही मागताना बघायचा.

आता मला सांगा, माझा उपास लक्षात ठेवून केळी आणणाऱ्या पोराला नाही कसं म्हणायचं? मंडळात तेवीस वर्षांत माझा उपास कुणी लक्षात ठेवला नव्हता. दर वेळी बटाटेवडे पुढे करतात. मी सही केली. 'दुरुस्ती पाहिली, समाधानकारक.' खाली माझं नाव, तारीख. केळी चांगली पिकलेली होती. घरी जाऊन मी हे चार जणांना कौतुकाने सांगितलंही. दुसऱ्या दिवशी कामावरही सांगितलं. आणि कॅलेंडरच्या चौकोनात लिहिलं: 'संकष्टी. ७ नं. सही केली. खड्डा तसाच. सोमवारी बघणे.'

सोमवारी ट्रक आला नाही. पुढच्या सोमवारीही नाही. मी साहेबाला गाठलं. तो फार वाईट वाटून म्हणाला, "अडचण अशी आहे, की तुमचा फॉर्म आता बंद झालाय. बंद फॉर्मवर खडी मागवता येत नाही."

"मग मी नवा भरते."

"भरा ना. पण मग आधीच्या फॉर्मवरची सही खोटी होती असं दिसेल. सही तुमची आहे, म्हणून सांगतो."

बघा हं, म्हणजे खड्डा होता, पण कागदावर नव्हता. आणि कागदावर नसलेल्या खड्ड्यात टाकायला खडी मिळत नव्हती. मी आपला एक नारिंगी शंकू नेऊन त्या जागी ठेवला. तो दोन दिवसांत कुणीतरी उचलला. शंकू दिसला की धोका आहे असं दिसतं, आणि तक्त्यावर धोका नव्हता. मी चौकोनात लिहिलं: 'शंकू नेला. तसाच. साबुदाणा संपला.' आणि नवा फॉर्म काही मी भरला नाही. का नाही भरला? माझी सही खोटी दिसेल म्हणून. दुसरं कारण नाही.

त्यानंतर पाचव्या आठवड्यात माझा जोडीदार त्यात पडला.

जोडीदार म्हणजे ज्याच्याबरोबर मी बारा वर्षं एकाच पाळीत डबे जोडले तो. इकडचाच, दक्षिणेतला, सहा फूट उंच, दिवसात बारा-तेरा वाक्यं बोलणारा. मला मॅम म्हणायचा आणि माझ्या डब्यातली लसणाची चटणी मागून घ्यायचा. त्याची नोकरीची साडेअठ्ठावीस वर्षं झाली होती. आमच्या रेल्वेत साठीला तीस वर्षं भरलेली असली की पूर्ण पेन्शन मिळतं, आणि त्याबरोबर विमाही पुढे चालू राहतो. त्याच्या बायकोची सगळी औषधं त्या विम्यावर. दीड वर्ष काढलं की सुटला, एवढाच हिशोब तो कधीतरी बोलून दाखवायचा.

जेवणाच्या सुट्टीत मी खोलीत गेले तर हा कोपऱ्यात बसलेला. पँटचा पाय वर, गुडघा नारळाएवढा.

"काय झालं रे?"

"काही नाही मॅम. गॅरेजमध्ये लागलं."

"सकाळी सहापासून तू माझ्याबरोबर आहेस. मघाशी सात नंबरवर गेलास. तुझं गॅरेज तिथे कधी हलवलंस?"

त्याने पँटचा पाय खाली ओढला. मग दाराकडे बघून म्हणाला, "फळ्यावर तीनशे अठ्ठावन्न आहेत. सात दिवस राहिलेत. पोरांच्या जाकिटांची खोकी मी स्वतः उतरवून घेतलीत."

त्याची कोंडी समजून घ्या. आमच्याकडे लागलं तर त्याच पाळीत सांगायचं असा नियम. सांगितलं तर फळा शून्यावर, जाकिटं गेली, आणि वर त्याच्यावरच चौकशी, की बघून का चालला नाहीस. नाही सांगितलं आणि उद्या डॉक्टरकडे गेल्यावर कळलं, तर लपवलं म्हणून थेट घरी.

"तुम्ही प्रतिनिधी," तो म्हणाला. "तुम्ही सांगाल तसं करतो."

सात नंबरचा तो कागद माझ्या सहीने बंद झालेला, हे मला आठवत होतं. पण मी त्याला तेवढंच सांगितलं जेवढं पुस्तकात आहे: "आत्ताच्या आत्ता जाऊन सांग." सहीचं त्याला त्या वेळी सांगितलं नाही. ते इथे लिहून ठेवते.

तो लंगडत गेला, सांगून आला. साहेबाने स्वतःच्या हाताने फळा पुसला आणि शून्य लिहिलं. जाकिटांची खोकी उचलून कपाटात कुलूपबंद केली. दुसऱ्या दिवसापासून पोरं माझ्या जोडीदाराला विचारायला लागली, "आज थंडी आहे फार. तुझा गुडघा पांघरू का?" आठव्या दिवशी सात नंबरवर खडीचा ट्रक आला. म्हणजे खडी होती. फक्त कुणीतरी पडायची वाट बघत होती. मी चौकोनात लिहिलं: 'ट्रक आला. खड्डा भरला.'

मग त्याला पत्र आलं. चौकशीचं. 'वाट सुस्थितीत असताना निष्काळजीपणाने चालला.' पुरावा म्हणून सोबत वाटेचा फोटो, छान सपाट, आणि माझ्या सहीचा कागद. 'दुरुस्ती पाहिली, समाधानकारक.' कामगारांच्याच प्रतिनिधीने सांगितल्यावर आणखी काय पाहिजे? शिक्षा काय होऊ शकते तेही खाली लिहिलं होतं: बडतर्फी.

तो कागद घेऊन तो पार्किंगमध्ये माझ्या गाडीशी थांबला होता, कुबडी टेकून. मी जवळ गेले. त्याने कागद दाखवला नाही, काही नाही. शांतपणे म्हणाला, "मॅम, केळी चांगली होती का?"

केळ्यांचं मीच सगळ्यांना कौतुकाने सांगितलं होतं ना. मी त्याच्या हातातला कागद घेतला आणि तिथेच उभ्याने वाचला.

घरी आले. हे टेबलाशी शेंगा सोलत होते. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून.

"भीड भिकेची बहीण," हे म्हणाले.

"ते मला माहीत आहे. पुढे काय करू ते सांगा."

"पुढे काय, म्हण, मी प्रत्यक्ष बघितलं नव्हतं. साहेबाने सांगितलं म्हणून विश्वासाने सही केली."

"पण बघितलं होतं. हे बघा, लिहूनच ठेवलंय." मी कॅलेंडरकडे बोट केलं.

ह्यांनी चष्मा वर करून भिंतीकडे बघितलं. "तुझं ते अक्षर मला वाचता येत नाही. रेल्वेला काय वाचता येणार? राहू दे भिंतीवर."

"भिंतीवर राहिलं तर त्याची नोकरी जाईल."

"आणि दाखवलं तर तुझी. खड्डा आहे हे माहीत असून सही केलीस, हे तुझ्याच हाताने लिहिलंयस तू तिथे." मग जरा वेळाने शेंगा बाजूला सारून म्हणाले, "खिळा काढून देऊ का?"

आमचा संसार चालतो तो अशा बोलण्यांवर.

आता कॅलेंडर मराठीत, आणि चौकशी इंग्रजीत. भाषांतर पाहिजे, तेही घरच्या माणसाने केलेलं चालणार नाही. मला गणपतीतला तो नागपूरचा मुलगा आठवला. आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर. फोन केला.

"काकू, मी व्हिसावर आहे यार," तो म्हणाला. "कोर्टबिर्ट असेल तर लफडं नको."

"कोर्ट नाही रे. रेल्वेच्या ऑफिसातली खोली आहे, एक टेबल आणि सहा खुर्च्या. तुला फक्त वाचायचंय."

शनिवारी आला, लॅपटॉप घेऊन. दोन तासांत त्याने माझ्या सहा महिन्यांच्या आयुष्याचा तक्ता केला; खड्ड्याचा रकाना निळा, उपासाचा पिवळा, संडासांचा करडा. माझ्याकडे करडं फार निघालं.

"काकू, डेटा क्लीन करतो," तो म्हणाला. "साबुदाणा, गॅस, नातीचा दात, हे सगळं इर्रेलेव्हंट आहे. डिलीट मारू?"

"अजिबात नाही. साबुदाणा काढलास तर म्हणतील खड्डा मागाहून घातला. साबुदाणा मागाहून कोण घालेल?"

त्याने डिलीटवरचं बोट काढलं. "काकू, तुम्ही आमच्या क्यूएमध्ये पाहिजे होतात यार, चुका पकडायला."

चौकशी सकाळी नऊला सुरू झाली. आमच्यात चौकशीचा अधिकारीही कंपनीचाच असतो, फक्त दुसऱ्या यार्डातून मागवतात, म्हणजे निःपक्षपाती. टेबलावर रेकॉर्डर. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला जोडीदार आणि त्याची बाजू मांडणारा आमचा युनियनचा अध्यक्ष. मी साक्षीदार. माझ्या मांडीवर गुंडाळलेलं कॅलेंडर, खिळ्याच्या भोकासकट.

नागपूरकर कोट घालून आला होता. त्याने एकेक चौकोन वाचायला घेतला, आधी मराठी, मग इंग्रजी. "मंगळवार. सात नंबर तसाच. शंकू नेला. साबुदाणा संपला."

अधिकाऱ्याने हात वर केला. "हा साबुदाणा कुठल्या विभागाचा?"

"स्वयंपाकघराचा," मी म्हटलं.

"सुरक्षेची वस्तू आहे का?"

"घशात अडकला तर."

त्याने ते लिहून घेतलं. मग सहीच्या चौकोनाशी आलो. त्याने पेन खाली ठेवलं. "तुम्ही सही केलीत तेव्हा खड्डा होता, हे तुम्हाला माहीत होतं?"

आमच्या अध्यक्षाने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, म्हणजे जपून. जोडीदार टेबलाकडे बघत होता.

"माहीत होतं," मी म्हटलं. "सकाळीच बघून आले होते."

"मग सही का केलीत?"

मी पुष्कळ उत्तरं तयार करून गेले होते, नियमांच्या नंबरांसकट. ऐनवेळी जे होतं तेच तोंडातून आलं. "साहेबांनी माझ्या उपासाला दोन केळी आणली होती."

अधिकारी म्हणाला, "नोंदीसाठी पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. दोन केळी.

साहेब लालबुंद. "ती मी माणुसकीने आणली होती," तो म्हणाला.

"सहीही मी माणुसकीनेच केली," मी म्हटलं. "म्हणून तर आज आपण सगळे इथे बसलोय. तुम्हाला दोष देत नाही, तुम्ही तुमचा तक्ता बघितलात. मला बघायचा होता तो खड्डा. तो मी बघितला आणि नाही म्हणून लिहून दिलं. हा माणूस माझ्या सहीवर पाय ठेवून पडला."

मग अध्यक्षाने साहेबाला एकच प्रश्न विचारला. वाट दुरुस्त होती, तर हा माणूस पडल्यावर आठव्या दिवशी तिथे ट्रकभर खडी कशासाठी टाकली?

साहेब म्हणाला, "खबरदारी म्हणून."

"कुठल्या फॉर्मवर मागवली?"

तो पाणी प्यायला. तो फॉर्म जोडीदाराच्या पडण्याचाच होता. त्यात वरच्या ओळीत लिहिलं होतं: 'वाटेत खड्डा असल्याने.'

बाहेर आल्यावर नागपूरकर टाय सैल करत म्हणाला, "काकू, तुम्ही स्वतःलाच अडकवलंत ना यार."

"हो," मी म्हटलं. "चल, इडली खाऊ या. आज उपास नाही."

तीन आठवड्यांनी दोन पत्रं आली. जोडीदारावरचा आरोप मागे घेतला. मला पंधरा दिवस बिनपगारी घरी बसवलं, खोटी नोंद केल्याबद्दल. ते अगदी बरोबर होतं, मी त्यावर अपीलही केलं नाही. साहेबाला काही झालं नाही. त्याचा त्या तिमाहीचा तक्ता अजून हिरवाच आहे. आणि माझं कॅलेंडर पुरावा म्हणून कंपनीने ठेवून घेतलं. बदल्यात झेरॉक्स दिली. काळी-पांढरी. लाल छापलेले सगळे सणही काळे झाले, त्यामुळे त्या वर्षी दिवाळीपर्यंत मला कामाचे वार आणि सणवार सारखेच दिसत होते.

शिक्षेच्या नवव्या दिवशी साहेबाचा घरी फोन. "कधी येताय?" आवाज अगदी पडलेला. प्रतिनिधीच्या सहीशिवाय एकही फॉर्म बंद होत नव्हता, आणि तक्ता भराभर लाल होत चालला होता. मी म्हटलं, "तुम्हीच बसवलंत हो घरी. अजून सहा दिवस आहेत. मी लोणचं घालतेय."

सोळाव्या दिवशी गेले तर तो दारातच, हातात फॉर्मांचा गठ्ठा. दुसऱ्या हातात कागदी पिशवी. तीच.

"पिशवी टेबलावर ठेवा," मी म्हटलं, "आणि बूट घाला. चालायचे."

तीन तास फिरवला त्याला. तुटलेला दिवा बघितला, गळका नळ बघितला, संडास तर सगळे आत जाऊन बघितले, आधी तो आणि मग मी. जे झालं होतं त्यावर तिथेच सही केली, नव्हतं झालं ते लाल राहिलं. सात नंबरवर मी तीन वेळा पाय आपटून बघितला. पक्कं होतं. तेव्हापासून तो मीटिंगच्या आधी विचारतो, "आज किती चालायचंय?" केळी अजून आणतो. मी खाते. उपास नसला तरी खाते. त्याचा आणि सहीचा आता संबंध नाही.

जोडीदाराचं आणि माझं पुढे कसं होतं? बोलणं तेवढंच, बारा-तेरा वाक्यांचं. पण पहिले दोन महिने त्याने चटणी मागितली नाही. मी डबा रोज मध्ये ठेवायची, तो आपला सँडविच खायचा. मग एका दुपारी, काही न बोलता, त्याने चमचा घातला. मीही काही बोलले नाही. बोलले असते तर पुन्हा बंद केलं असतं त्याने.

पुढे फळा पुन्हा वर्षावर आला आणि कपाटातली जाकिटं वाटली. त्याला सगळ्यात मोठं आलं. नंतर सहा महिन्यांनी त्याची तीस वर्षं भरली. शेवटच्या दिवशी केक होता, साहेबाचं भाषण होतं, त्यात सुरक्षितता हा शब्द पुष्कळदा आला. ते झाल्यावर जोडीदार जाकीट खांद्यावर टाकून निघाला. गेटकडे जायला डांबरी रस्ता आहे, पण तो सात नंबरच्या कडेच्या वाटेने गेला. कुबडी कधीच सुटली होती. जरासा लंगडतो, थंडीत जास्त. मध्ये एका जागी थांबून त्याने खाली बघितलं, आणि पुढे गेला. तो गेटाशी पोचेपर्यंत मी उभी राहून बघत होते.

घरी आल्यावर नव्या कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकोनात लिहिलं: 'जोडीदार आज सुटला. स्वतःच्या पायांनी चालत गेला. मी स्वतः पाहिलं.' आणि खाली सही केली.